लांबलचक वैद्यकीय इंग्रजी शब्द : अक्षरच्छेद आणि आघात

तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या आमच्या एका सभासद वैद्यांनी अभ्यासमंडळाच्या बैठकीत पुढील प्रसंग सांगितला. अतिसाराने क्षीण झालेल्या एका वृद्धेचा रक्तदाब फारच उतरला होता. तिला शहरात हलविणे आवश्यक असल्याने त्यांनी तेथील एका रुग्णालयात दूरध्वनी केला आणि ‘हायपोटेन्शन’चा रुग्ण पाठवीत असल्याचे कळविले. पलीकडच्या डॉक्टरांनी तो शब्द ‘हायपरटेन्शन’ असा ऐकला व रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आज घेतल्या का, अशी विचारपूस आरंभिली. वैद्यराजांस प्रश्नांचा रोख उमगेना. अखेर ‘अहो, वरचे प्रेशर सत्तरवर आले आहे’ असे सरळ मराठीत सांगितल्यावर उलगडा झाला. रुग्णा वाचली. बैठकीत मात्र वाद रंगला : उच्चार चुकला होता की ऐकण्यात चूक झाली होती? आमच्या मते दोघांचाही दोष नव्हता. दोष त्या शब्दांच्या घडणीतच आहे. तो कसा, हे कळण्यासाठी आधी इंग्रजी शास्त्रीय शब्द कसा मोडावा आणि कोठे दाबावा हे पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

मराठी भाषेत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून आपण इंग्रजी शब्दही सर्व अक्षरांवर सारखाच भार देऊन, मोजून मापून म्हणतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दात एक अक्षर राजा असते. त्याचा स्वर स्पष्ट व ठसठशीत असतो आणि शेजारची अक्षरे झिजून बहुधा ‘अ’सारखी होतात. ऐकणारा त्या ठसठशीत अक्षरावरून शब्द ओळखतो. ते चुकीच्या जागी पडले, तर बाकीची सर्व अक्षरे बिनचूक असूनही शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे ‘अक्षर’ हा शब्द आम्ही छंदःशास्त्रातील अर्थाने वापरीत आहोत. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे मोजताना आपण जोडाक्षरातील व्यंजने वेगळी मोजत नाही; जितके स्वर तितकी अक्षरे. इंग्रजीतही तेच करावे, फक्त लिहिलेले नव्हे तर उच्चारले जाणारे स्वर मोजावेत. डायरिया या शब्दात नऊ मुळाक्षरे आहेत, पण अक्षरे चारच : डाय-अ-ˈरी-अ. दम्याला आपण ‘अस्थमा’ म्हणतो, परंतु इंग्रजीत मधला ‘थ’ मुका असून ˈॲस्-मा अशी दोनच अक्षरे उरतात. न्यूमोनिया आणि सोरायसिस यांच्या आरंभीचे ‘पी’ हे मुळाक्षर तर केवळ ग्रीक कुळाची खूण म्हणून लिहायचे. (शब्दकोशात असते त्याप्रमाणे आघाताच्या अक्षरापूर्वी आम्ही वरच्या बाजूस लहान उभी रेघ दिली आहे.)

आता मुख्य अडचणीकडे वळू. बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षापासून आपणांस शिकविले जाते की लांब शब्द दिसला की त्याचा विग्रह करावा. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एन्टेरो म्हणजे आंत्र, लॉजी म्हणजे शास्त्र. ही पद्धत अर्थासाठी उत्तम आहे आणि ती सोडावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण विग्रहात जे तुकडे पडतात तेच आपण उच्चारातही ठेवतो : गॅस्ट्रो, एन्टेरो, लॉजी. इंग्रजी जिभेवर तो शब्द गॅस्-ट्रो-एन्-ट-ˈरॉ-ल-जी असा येतो. शेवटच्या सांध्याकडे पाहावे. ‘एन्टेरो’चा शेवटचा ‘ओ’ आणि ‘लॉजी’ यांमध्ये विग्रहाने जी भेग पाडली, नेमका तेथेच आघात बसला आहे. आणि ज्या ‘लॉ’वर आपण जोर देतो ते अक्षर झिजून ‘ल’ झाले आहे. गंमत अशी की तो ‘ओ’ अर्थाच्या दृष्टीने कोणाचाच नाही. दोन पदे जोडण्यापुरता आणलेला तो सांधेस्वर आहे, आणि उच्चारात मात्र तोच राजा ठरतो.

वेदाध्यायी मंडळींस हा प्रकार नवा वाटू नये. पदपाठात पदे सुटी असतात, संहितापाठात ती सांधली जातात आणि सांधताना स्वरही बदलतात. अर्थ पदपाठाने समजतो, म्हणायची असते ती संहिता. इंग्रजी शास्त्रीय शब्दांचा आपण पदपाठ करतो आणि तेवढ्यावरच थांबतो.

ज्या शब्दांच्या शेवटी -लॉजी, -ग्राफी, -स्कोपी, -पॅथी, -टॉमी, -मीटर (यंत्र या अर्थी) अशी पदे येतात, त्यांत आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो. शब्द कितीही लांब असो, पुढून मोजण्याची गरज नाही. शेवटून तीन मोजावीत. सोनोग्राफी नव्हे, स-ˈनॉ-ग्र-फी. अँ-जि-ˈऑ-ग्र-फी. एन्-ˈडॉस्-क-पी. शस्त्रकर्मवाचक ‘-एक्टॉमी’ही या नियमात बसते : ॲ-पेन्-ˈडेक्-ट-मी, हिस्-ट-ˈरेक्-ट-मी. आपल्या शेजारच्या वैद्यकपद्धतींची नावेही अशीच आहेत, अ-ˈलॉ-प-थी, हो-मि-ˈऑ-प-थी, ने-च-ˈरॉ-प-थी. मराठीत बोलताना आपण अॅलोपॅथी, होमिओपॅथी असेच म्हणावे, ते आता मराठी शब्द झाले आहेत. इंग्रजीतून शोधनिबंध वाचताना मात्र दुसरे रूप हवे. अँजिओप्लास्टी हा शब्द या कुटुंबातला वाटतो, पण तो नाही. ‘-प्लास्टी’ आघात हलवीत नाही, म्हणून तेथे पहिलेच अक्षर ठसठशीत राहते : ˈअँ-जि-अ-प्लॅस्-टी.

‘-मीटर’विषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रत्येक वैद्याच्या मेजावर असणाऱ्या रक्तदाबमापकाचे इंग्रजी नाव आपण सहसा उच्चारीतच नाही, ‘बी.पी.चे यंत्र’ म्हणून मोकळे होतो. झाम्युएल फॉन बाश यांनी १८८१ मध्ये असे एक यंत्र केले आणि शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधण्याची पद्धत आणली. त्या नावातील ‘स्फिग्मॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ नाडी! नाडीपरीक्षकांनी तरी त्या शब्दास भिऊ नये. सहा अक्षरे आहेत : स्फिग्-मो-म-ˈनॉ-मि-टर. म्हणण्याची युक्ती अशी की संथा शेवटून घ्यावी. आधी ˈनॉ-मि-टर, मग म-ˈनॉ-मि-टर, मग मो-म-ˈनॉ-मि-टर, आणि शेवटी पूर्ण शब्द. पुढून आरंभ केला तर श्वास आणि धीर दोन्ही ‘स्फिग्’लाच संपतात. ग्लुकोमीटर हेही याच नियमाने ग्लू-ˈकॉ-मि-टर होते. सेंटिमीटर, मिलिमीटर ही मापे आहेत, यंत्रे नव्हेत. त्यांत आघात पहिल्या अक्षरावर असतो.

शब्दाला ‘-इक’, ‘-इकल’, ‘-शन’, ‘-शियन’ असे प्रत्यय लागले की आघात प्रत्ययाच्या लगत आधीच्या अक्षरावर सरकतो. त्यामुळे एकाच कुळातील शब्दांत राजा बदलत राहतो. ˈएन्-ड-स्कोप हे उपकरण, एन्-ˈडॉस्-क-पी ही परीक्षा, एन्-ड-ˈस्कॉ-पिक हे विशेषण. अ-ˈनॅ-ट-मी पण ॲ-न-ˈटॉ-मि-कल. आमवाताच्या संदर्भात आपल्याला नेहमी लागणारे तीन शब्द पाहा : ˈरू-म-टि-झम, रू-ˈमॅ-टिक, रू-म-ˈटॉ-ल-जी. पहिल्यात ‘रू’ प्रबळ, दुसऱ्यात ‘मॅ’, तिसऱ्यात ‘टॉ’. आणि ज्याचे राज्य गेले त्याचा स्वर लगेच फिका पडतो. प्रत्ययाने मूळ शब्दाचा स्वर बदलावा हे मराठी माणसास विचित्र वाटण्याचे कारण नाही. ‘विहीर’मधली दीर्घ ‘ही’ ‘विहिरीत’ म्हणताच ऱ्हस्व होते, कारण ती आता उपान्त्य राहिली नाही. मराठीत जसा ऱ्हस्व-दीर्घाचा फेर, तसा इंग्रजीत आघाताचा.

‘-इक’च्या नियमाला अपवाद थोडे आहेत, पण त्यांतील दोन आपल्याच प्रांतातले आहेत. सोमल किंवा हरताळ यांच्या चर्चेत येणारे ‘आर्सेनिक’ नाम म्हणून ˈआर्-स-निक आहे, विशेषण म्हणून मात्र नियमाप्रमाणे आर्-ˈसे-निक. दुसरा अपवाद ग्रीक दोषविचारातील प्रकृतिनामांचा. कफाधिक माणूस तो फ्लेग्-ˈमॅ-टिक, नियमाने चालणारा. पित्ताधिक तो ˈकॉ-ल-रिक, नियम मोडणारा. प्रकृतीस अनुसरूनच झाले म्हणायचे.

यापुढचा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, कारण येथे वैद्याचे संस्कृतचे ज्ञान थेट उपयोगी पडते. शारीरातील असंख्य संज्ञा आणि वनस्पतींची सर्व द्विपद नावे लॅटिन रूपात आहेत. लॅटिनचा आघातनियम लघु-गुरूवर उभा आहे. रोमन वक्तृत्वशास्त्री क्विंटिलियन यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात तो सांगून ठेवला आहे. नियम असा : उपान्त्य अक्षर पाहावे. ते गुरू असेल तर आघात त्यावरच. लघू असेल तर त्याच्या आधीच्या, म्हणजे शेवटून तिसऱ्या अक्षरावर. त्याहून मागे आघात जात नाही. शब्द दोनच अक्षरांचा असेल तर पहिल्यावर. आणि गुरू कशाला म्हणावे? दीर्घ स्वर असलेले, अथवा ज्याच्यापुढे दोन व्यंजने येतात ते. पाणिनींनी अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात लघु आणि गुरू या संज्ञा दिल्या आहेत. तेथेही दीर्घ अक्षर गुरू आणि संयोगापूर्वीचे ऱ्हस्वही गुरू. दोन प्राचीन भाषांचे अक्षराचे वजन जवळजवळ एकाच तागडीत तोलले जाते. अर्थात संस्कृतात उदात्ताचे स्थान या वजनावरून ठरत नाही. लॅटिनात आघाताचे स्थान ठरते, एवढा फरक ध्यानात असावा.

गुडघ्याची वाटी, पॅटेला. उपान्त्य ‘टे’पुढे दोन ‘ल’ आहेत, म्हणून ते गुरू : प-ˈटे-ला. तसेच म-ˈडु-ला, मॅक्-ˈसि-ला, प्ल-ˈसेन्-टा. स्कॅप्युलामध्ये उपान्त्य ‘प्यु’ लघू, म्हणून ˈस्कॅ-प्यु-ला. त्याच न्यायाने ˈफि-ब्यु-ला, ˈरे-टि-ना, ˈह्यू-म-रस, हाय-प-ˈथॅ-ल-मस. अन्ननलिकेला ई-ˈसॉ-फ-गस. परंतु स-ˈलाय-वा, कारण तेथे मधला ‘आय’ मूळचा दीर्घ. रोगनामांचे शेवटही या नियमात चपखल बसतात. शोथवाचक ‘-आयटिस’, विकृतिवाचक ‘-ओसिस’, अर्बुदवाचक ‘-ओमा’ यांचा उपान्त्य स्वर दीर्घ असल्याने आघात त्यावर येतो : हे-प-ˈटाय-टिस, थ्रॉम्-ˈबो-सिस, ट्यू-बर्-क्यु-ˈलो-सिस, कार्-सि-ˈनो-मा. रक्तवाचक ‘-ईमिया’त उपान्त्य ‘मि’ लघू आहे, म्हणून आघात एक घर मागे सरकून ‘ई’वर जातो : अ-ˈनी-मि-अ.

एका ठिकाणी संस्कृताची तागडी दगा देते. व्हर्टिब्रा या शब्दात उपान्त्य स्वरापुढे ‘ब्र’ हे जोडाक्षर आहे. आपल्या नियमाने ते अक्षर गुरू, तेव्हा आघात ‘टि’वर यावा. लॅटिन गद्यात मात्र स्पर्शव्यंजनापुढे ‘र’ वा ‘ल’ आला तर तो संयोग वजनदार मानीत नाहीत. म्हणून ˈव्हर्-टि-ब्रा. दुसरी अडचण अशी की लॅटिन लेखनात स्वराचे ऱ्हस्वदीर्घत्व दाखविलेले नसते. संयोग डोळ्यांना दिसतो, दीर्घत्व दिसत नाही. तेथे एकदा शब्दकोश उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

द्रव्यगुणाच्या अभ्यासकांसाठी ओळखीची काही नावे तोलून पाहू. अश्वगंधेचे जातिनाम लिनियस यांनी १७५३ मध्ये दिले, अर्थ ‘निद्रा आणणारी’. आपण ते ‘सोम्नी-फेरा’ असे म्हणतो, परंतु ‘फे’ लघू असल्याने सॉम्-ˈनि-फे-रा. गुडूचीच्या नावातील ‘हृदयाकार पानांची’ हे विशेषण कॉर्-डि-ˈफो-लि-अ. येथे ‘लि’पुढे स्वरच आहे, संयोग नाही, म्हणून ते लघू. निंब अ-झा-डि-ˈरॅक्-टा ˈइन्-डि-का : पहिल्या पदात ‘क्ट’ या संयोगामुळे उपान्त्य गुरू, दुसऱ्यात ‘डि’ लघू, एकाच नावात नियमाच्या दोन्ही बाजू दिसतात. मंडूकपर्णी सेन्-ˈटे-ला ए-शि-ˈॲ-टि-का हीदेखील तशीच. शतावरी अस्-ˈपॅ-र-गस रॅ-सि-ˈमो-सस, यष्टिमधु ग्लि-सि-ˈराय-झा, सर्पगंधेचे दुसरे पद सर्-पेन्-ˈटाय-ना. गुग्गुळाच्या ‘कॉमिफोरा’त बहुतेकजण ‘फो’वर जोर देतात, तो ‘ओ’ ग्रीकमध्ये ऱ्हस्व आहे, म्हणून कॉ-ˈमि-फ-रा. आमलकीचे पूर्वीचे नाव ˈएम्-ब्लि-का ऑ-फि-सि-ˈनॅ-लिस होते, आता मान्य असलेले फिल्-ˈलॅन्-थस ˈएम्-ब्लि-का. दोन्ही पाठ करण्यास सोपी. वनस्पतिनामांत लेखन ठरलेले असते, उच्चाराबाबत देशोदेशीचे वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या चालीने जातात, तेव्हा एखाद्या नावाचा आघात हलला म्हणून कोणी ओशाळे होण्याचे कारण नाही. इंग्रज आणि अमेरिकन यांचे तरी कोठे जमते? केशिकेला एकजण क-ˈपि-ल-री म्हणतो, दुसरा ˈकॅ-पि-ले-री. प्रयोगशाळेच्या नावावरूनही त्यांचे असेच मतभेद आहेत. दोहोंपैकी एक चाल धरावी आणि ती निभावावी.

आता आरंभीच्या प्रसंगाकडे येऊ. हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन या दोन्ही शब्दांना ‘-शन’चा नियम लागू पडतो, म्हणून दोहोंतही मुख्य आघात ‘टेन्’वर. अर्थात जो भाग दोहोंत समान आहे तो ठसठशीत ऐकू येतो, आणि ज्या एका अक्षरावर सर्व अर्थ अवलंबून आहे ते ‘पो’ वा ‘पर’ दुबळे पडते. त्यातून ब्रिटिश धाटणीच्या उच्चारात व्यंजनापूर्वीचा ‘र’ लोपतो, तेव्हा उरते हाय-पो-ˈटेन्-शन आणि हाय-प-ˈटेन्-शन. दूरध्वनीच्या खरखरीत यांतील भेद कानाने पकडावा तरी कसा? शर्करेच्या बाबतीत तर धोका अधिक. हाय-पो-ग्लाय-ˈसी-मि-अ आणि हाय-पर-ग्लाय-ˈसी-मि-अ यांची चिकित्सा परस्परविरुद्ध आहे आणि चुकीला अवधी थोडा आहे.

म्हणून या जोड्यांत नियम जाणूनबुजून मोडावा. आघात उचलून ‘ˈपो’ किंवा ‘ˈपर’वर ठेवावा, क्षणभर थांबावे आणि मग उरलेला शब्द म्हणावा. अस्थि व संधी शिकविणारे अध्यापक हेच करतात. अंग मध्यरेषेपासून दूर नेणे आणि जवळ आणणे या दोन क्रियांची इंग्रजी नावे एका व्यंजनाने भिन्न आहेत, म्हणून ते पहिल्या अक्षरावर मुद्दाम जोर देऊन ‘ˈॲब्-डक्शन’ आणि ‘ˈॲड्-डक्शन’ असे म्हणतात. पेरिनियल आणि पेरोनियल यांत तर दुबळा स्वर ‘रि’ की ‘रो’ हे ऐकूच येत नाही. एक मूलाधाराचा, दुसरा नळीच्या हाडाकडचा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका’ या आंतरराष्ट्रीय संज्ञासूचीत दुसऱ्यासाठी ‘फिब्युलर’ कुळातील नावे पुढे केली गेली, ती आपणही वापरावीत हे बरे. इलियम हा शब्द लहान आतड्याच्या अंत्य भागाला आहे आणि श्रोणीच्या हाडालाही; लेखनात एका मुळाक्षराचा भेद, उच्चारात शून्य. तेथे कोणतीही आघातविद्या कामाची नाही. आंत्र की अस्थि हे शब्दातच सांगावे.

आघाताच्या फेराने अर्थ उलटल्याची कथा आपल्या परंपरेत आहेच. पतंजलींनी महाभाष्यात व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना तिचा उल्लेख केला आहे. इंद्राचा वध करील असा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द अन्तोदात्त म्हटला असता तर तत्पुरुष झाला असता, इंद्राचा संहारक. तो आद्युदात्त म्हटला गेला. समास बहुव्रीही झाला, इंद्र ज्याचा संहारक आहे असा. वृत्र मारला गेला. वर्ण सर्व बरोबर होते.

आमची सूचना एवढीच की रुग्ण पाठविताना इंग्रजी संज्ञेसोबत आकडा सांगावा : वरचा दाब इतका, खालचा इतका, साखर इतकी. चिठ्ठीवरही तसेच लिहावे. संज्ञा चुकीची ऐकली गेली तरी आकडा ती सावरून घेईल.

सरावासाठी काही शब्द देत आहोत : कोलोनोस्कोपी, स्पायरोमीटर, नेफ्रोलॉजिकल, पॅथोजेनिक, थोरॅकोटॉमी, ऑस्टिओपोरोसिस, ल्युकीमिया, टिबिया, गुडमारीचे जातिनाम सिल्व्हेस्ट्रे आणि कान-नाक-घसा शास्त्राचे लांबलचक नाव ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी. प्रत्येकाचा आधी विग्रह करावा, मग स्वर मोजावेत, मग शेवटून चालत यावे. एका शब्दात ‘स्त्र’सारखा तिहेरी संयोग मुद्दाम घातला आहे, त्याचे वजन करून पाहावे. शेवटचा शब्द मात्र आम्हीच सोडवून देतो : ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-ˈगॉ-ल-जी. नऊ अक्षरे झाली, म्हणजे अनुष्टुभाच्या चरणाहून एकच अधिक.